तावीज, थेरपी आणि करिअर

पदवीनंतर वाचा-उपचार किंवा विशेष शिक्षणाकडे वळणाऱ्या मुलामुलींना कारण विचारलं, तर उत्तर बऱ्याचदा घरातूनच येतं. एखाद्याचा भाऊ, एखादीची मावसबहीण स्वमग्न असते. आपल्या मोहल्ल्यात या निवडीला ‘सवाबचं काम’ म्हणून शाबासकी मिळते. सल्ला मात्र इंजिनिअरिंगचाच दिला जातो. मीही त्याच वाटेने आलो.

सवाब जरूर मिळो, पण हा रीतसर व्यवसाय आहे. १९९२च्या कायद्याने त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. वांद्र्यात १९८३ साली स्थापन झालेली, अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था त्याचं शिक्षण देते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. म्हणजे मदत मागणाऱ्या आईबापांना कुणाची मेहरबानी नको, हक्क हवा.

तीन वर्षांचं मूल बोलत नाही, तेव्हा अनेक घरांत आधी तावीज येतो. पुढे थेरपीला गेल्यावर ‘घरात एकच भाषा बोला’ असं सांगितलं जातं. मग दखनी बोलणारी अम्मी लेकराशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागते, लोरी बंद होते. दोन भाषांमुळे स्वमग्नता होत नाही आणि वाढतही नाही. हे तिला तिच्याच बोलीत समजावणारी थेरपिस्ट हवी, आणि ती आपल्याच गल्लीतून घडू शकते.

दहावी-बारावीच्या मार्गदर्शन शिबिरांत आपण इंजिनिअर, डॉक्टर बोलावतो. यंदा एका स्पीच थेरपिस्टलाही बोलवूया.