फोनसाठी डॅक निवडताना : विशेषणे नकोत, आकडे हवेत

२०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा हेडफोन-जॅक नाहीसा झाला आणि पुढील काही वर्षांत बहुतेक महागड्या अँड्रॉइड फोनांनी तीच वाट धरली. भारतीय मानक ब्युरोने २०२३ च्या आरंभी यूएसबी टाइप-सी जोडणीचे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी आयफोनही टाइप-सी कडे वळला. आज देशातील बहुतेक नव्या फोनांना एकच सामाईक तोंड आहे आणि त्या तोंडाला जोडायच्या बोटभर डॅक-अॅम्प्लिफायरांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. किमती काहीशे रुपयांपासून पन्नास हजारांपर्यंत. खरेदीदारांत मोठा वाटा विद्यार्थ्यांचा आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणांचा.

ही वस्तू निवडण्यासाठी लागणारे विज्ञान बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचे नाही. ओहमचा नियम, शक्तीचे सूत्र आणि लॉगॅरिदम एवढ्यावर काम भागते. तरीही ती विकली जाते ती ‘उबदार’, ‘रेशमी’, ‘खुला मंच’ अशा शब्दांवर. आकड्यांनी सुटणारा प्रश्न विशेषणांच्या हवाली केला की खिसा तर रिकामा होतोच, पण कानालाही झळ पोहोचते. म्हणून हा विषय केवळ छांदिष्टांचा राहत नाही.

प्रथम डॅक म्हणजे काय ते पाहू जाता, फोनमधील गाणे ही अंकांची माळ असते. त्या अंकांचे बदलत्या व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारी चिप म्हणजे डॅक. ते व्होल्टेज हेडफोनला पेलेल इतक्या ताकदीने पुढे ढकलणारा तो अॅम्प्लिफायर. ज्या फोनला स्पीकर आहे त्यात डॅक आधीपासून असतोच. जॅक गेल्यावर हेडफोनपुरते हे काम फोनबाहेरच्या जोडणीकडे आले, इतकेच. काही फोन टाइप-सी मधून तयार ध्वनिसंकेतही देतात. त्यांना चिप नसलेली साधी जोडणी चालते. इतर फोनांवर तीच जोडणी मुकी राहते. स्वस्त जोडणी ‘बिघडलेली’ निघण्याचे हे एक सामान्य कारण आहे. आणि ज्यांचे ऐकणे ब्लूटूथवर चालते त्यांना बाहेरच्या डॅकचा काडीचाही उपयोग नाही. त्यांच्या हेडफोनच्या पोटातच डॅक आणि अॅम्प्लिफायर दोन्ही असतात.

दुसरा प्रश्न ‘हाय-रेझ’चा. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट वापरते. नमुना-सिद्धांतानुसार त्यातून सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतची प्रत्येक वारंवारिता पुन्हा उभी करता येते. निरोगी तरुण कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खाली येते. १६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत क्षीण ध्वनीमध्ये सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. खोक्यावरील सोनेरी ‘हाय-रेझ’ चिन्ह उपकरण ४० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचते असे सांगते. ती क्षमता वटवाघळाच्या कामाची आहे.

ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या दर्जातून गाळून, असे दोन्ही प्रकारे श्रोत्यांना न सांगता ऐकवले. ५५४ चाचण्यांत अचूक ओळखीचे प्रमाण ४९.८ टक्के आले. नाणे फेकूनही तेवढेच आले असते. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा प्रमाण ५२.३ टक्के भरले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते अधिक होते. म्हणजे फरक अगदीच शून्य आहे असे म्हणता येत नाही, परंतु तो सर्वसाधारण श्रोत्याने पदरमोड करून विकत घ्यावा एवढा मोठाही नाही. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणच सुमार असेल तर पुढची सगळी यंत्रणा व्यर्थ. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

मग ‘नवा डॅक लावताच आवाज बदलला’ असे सांगणारे सगळे खोटे बोलतात काय? तसे मुळीच नाही. बदल खरा असू शकतो. त्याचे श्रेय मात्र बहुधा चुकीच्या जागी दिले जाते. त्याची तीन साधी कारणे आहेत.

पहिले कारण पातळी. दोन उपकरणांत अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असला तर कानाला तो ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, ‘अधिक स्पष्ट आवाज’ म्हणून जाणवतो. दुकानातील तुलना बहुतेकदा येथेच निकालात निघते. पातळी मोजून समान केल्याखेरीज झालेली तुलना ही तुलनाच नव्हे.

दुसरे कारण उपकरणाचा स्वतःचा इम्पिडन्स. उदाहरणादाखल एका इअरफोनचा इम्पिडन्स खर्जात ४० ओहम आणि तारस्वरांत ८ ओहम आहे असे धरू. उपकरणाचा इम्पिडन्स १० ओहम असेल तर व्होल्टेजच्या वाटणीमुळे खर्ज आणि तार यांच्यात सुमारे ५ डेसिबलचा तिढा पडतो. तो १ ओहम असेल तर तिढा एका डेसिबलच्या आत राहतो. म्हणूनच जाणकारांचा साधा नियम असा, की उपकरणाचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा. १६ ओहमच्या इअरफोनसाठी ही मर्यादा २ ओहमची.

तिसरे कारण सूक्ष्म खरखर. अतिसंवेदनशील इअरफोन ताकदवान अॅम्प्लिफायरला जोडले की शांत जागी ‘स्स्’ असा आवाज ऐकू येतो. येथे अधिक ताकद हा गुण न राहता दोष ठरतो.

ताकद किती हवी, याचा हिशेबही पाठीवर-पोटावर होतो. संगीतातील उत्कट क्षणी ११० डेसिबलपर्यंत जाण्याची सोय असावी, ही फारच उदार अपेक्षा आहे. तरी तीच धरू. १ मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा १६ ओहमचा इअरफोन फक्त ०.१३ व्होल्ट मागतो. १ मिलिवॅटला १०० डेसिबल देणाऱ्या ३२ ओहमच्या हेडफोनला १० मिलिवॅट, म्हणजे सुमारे ०.५७ व्होल्ट लागतात. साध्या, चांगल्या टाइप-सी जोडण्या १ व्होल्टच्या आसपास देतात. दोघांचीही गरज तेथेच भागते. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनचे गणित निराळे. १ व्होल्टला तो ९७ डेसिबल देतो; ११० साठी साडेचार व्होल्ट हवेत. २ व्होल्टचे उपकरण त्याला १०३ डेसिबलपर्यंत नेते, आणि बहुतेकांना तेही पुरते. काही प्लेनर हेडफोन मिलिवॅटला ९० डेसिबलच देतात. त्यांना तीच उंची गाठायला १०० मिलिवॅट लागतात. स्वतंत्र ताकदवान अॅम्प्लिफायरची खरी गरज येथे आहे, आणि असे हेडफोन बाळगणारे थोडे आहेत.

खोक्यावरील ‘६०० मिलिवॅट’ वाचून भुलणाऱ्यांनी एवढेच ध्यानी ठेवावे, की ६० वरून ६०० वर जाणे म्हणजे १० डेसिबल, कानाच्या भाषेत ढोबळमानाने दुप्पट आवाज. दहापट मुळीच नव्हे. ४.४ मिलिमीटरच्या ‘बॅलन्स्ड’ जोडणीचा खरा लाभही मुख्यतः दुप्पट व्होल्टेजचा, म्हणजे ६ डेसिबलचा आहे. मीटरभर तारेत गोंगाट शिरण्याचे भय फारसे नसतेच. आणि ही सगळी शक्ती येते फोनच्या बॅटरीतून, हेही विसरू नये.

याच ठिकाणी कानाचा प्रश्न उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे ही सुरक्षित मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला हा अवधी निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ ला आठवड्याभरात अवघे अडीच तास. फोन आपल्या ओळखीच्या हेडफोनवरील पातळीचा अदमास घेऊन सूचना देऊ शकतो. बाहेरचा, स्वतःची कळ असलेला अॅम्प्लिफायर मध्ये आला की तो हिशेब कोलमडतो. लोकलच्या किंवा बसच्या गोंगाटात आवाज चढवत राहण्यापेक्षा कानात नीट बसून बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन घेणे शहाणपणाचे. आतल्या कानातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यांची भरपाई कोणतीही चिप करून देत नाही.

पैसा कोठे घालावा याचे उत्तर आता स्पष्ट होते. चांगल्या डॅकांतील विकृती ऐकू येण्याच्या पातळीखाली केव्हाच गेली आहे. हेडफोनांतील फरक मात्र अनेक डेसिबलांचे असतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना तंबोऱ्याच्या वक्र घोडीमुळे उपजणाऱ्या विपुल स्वरांशांचा उलगडा केला. ती जवारी कानात कशी उतरेल, हे ठरवण्यात हेडफोनची घडण आणि कानातील बसण यांचा वाटा डॅकपेक्षा कितीतरी मोठा आहे. दहा हजारांतील नऊ हजार हेडफोनला आणि एक हजार डॅकला, ही विभागणी बहुतेकांच्या हिताची.

ज्यांना तरीही शंका असेल त्यांनी प्रयोग करावा. मित्राच्या मदतीने पातळी समान करून, न पाहता दहा वेळा दोन उपकरणे ओळखावीत. निव्वळ अंदाजाने नऊ किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. नऊ बरोबर आले तर पैसे खुशाल खर्चावेत. पाच आले तर ते वाचवावेत. मूळ किमतीचा हा प्रयोग फुकट होतो, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो सांख्यिकीचा उत्तम धडाही ठरेल.

मात्र सगळा भार ग्राहकाच्या अंकगणितावर टाकणे न्याय्य नाही. देशात रेफ्रिजरेटर घेताना खोक्यावर ताऱ्यांची पट्टी असते आणि वर्षाला किती वीज लागेल याचा आकडा असतो. ध्वनी-उपकरणावर मात्र चिपचे नाव मोठ्या अक्षरांत आणि उपकरणाचा इम्पिडन्स बहुधा कोठेच नाही. कमाल व्होल्टेज, ३२ ओहमवरील शक्ती, उपकरणाचा इम्पिडन्स आणि खरखरीची पातळी. तसेच हेडफोनवर संवेदनशीलता व इम्पिडन्स : एवढे सहा आकडे खोक्यावर बंधनकारक करावेत. टाइप-सी चे मानक आखणाऱ्या मानक ब्युरोला हे काम अवघड नाही. जोडणीचे तोंड एक झाले; आता त्या तोंडातून बाहेर काय पडते, तेही ग्राहकाला कळले पाहिजे.

#ध्वनिविज्ञान #ग्राहकहित #वैज्ञानिकदृष्टिकोन