हसणारे किती?

पूर्वी वर्गात कोणी कोणाला चिडवले, तर शाळा सुटली की ते तेथेच राहत असे. घरी अम्मी गरम रोटी वाढी आणि निम्मे दुःख कमी होई. आता चिडवणारे मोबाईलमधून घरापर्यंत येतात. रात्री अंथरुणातही ते सोबत असतात.

गेल्या वर्षी माझ्याच तासाला एक मुलगा धडा वाचत होता. आपल्यापैकी पुष्कळांना 'ळ' जड जातो. तो 'पावसाळा' ऐवजी 'पावसाला' म्हणाला. वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. कोणीतरी चोरून आणलेल्या मोबाईलवर ते टिपले आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. दुसऱ्या दिवशी गल्लीतली मुलेही त्याला 'पावसाला' म्हणू लागली. आठ दिवस तो शाळेत आला नाही.

ज्याने ते टाकले तो म्हणाला, "सर, मजाक होता." मला ते खोटे वाटले नाही. समोर बसलेल्या मित्राच्या डोळ्यांत पाणी आले असते, तर तो थांबला असता. मोबाईलमध्ये ते पाणी दिसत नाही. पण मला राग आला तो इतरांचा. मी ग्रुपवरचे हसरे चेहरे मोजले. एकतीस होते. 'हे काढून टाक' असे कोणीही लिहिले नव्हते. टाकणारा एकच असतो. त्याला जोर देतात ते हे एकतीस.

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाचा दहावीचा निकाल लागला. राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचे छायाचित्र सगळीकडे झळकले. लोकांनी तिचे गुण पाहिले नाहीत, चेहऱ्यावरचे केस पाहिले आणि तिची टिंगल केली. थोडे गुण कमी मिळाले असते तर बरे झाले असते, असे त्या मुलीला म्हणावे लागले! तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते पुरेसे फिरले आहे.

असे काही झाले की पुष्कळ पालक आधी मोबाईल काढून घेतात. मला हे पटत नाही. मुलींच्या बाबतीत तर कधी कधी शाळाच बंद होते. म्हणून मुली गप्प बसतात आणि त्रास देणाऱ्याचे फावते. मुलांनो, तुमच्याबाबतीत असे घडले तर तो संदेश पुसू नका, तो पुरावा आहे. घरी किंवा शिक्षकांना दाखवा. तेही जमले नाही तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. कोणाच्या शरीराचे खासगी चित्र त्याच्या संमतीवाचून पसरवणे हा तर गुन्हाच आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. आता शाळा सुटल्यावर तो माझ्याजवळ बसून एकटा वाचतो. त्याचा 'ळ' सुधारला आहे. वर्गात मात्र तो अजून वाचायला उभा राहत नाही.