पायी चालणाऱ्याचा कायदा

११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा केला आणि पुढे ती प्रथा चालू राहिली. ज्या रस्त्यावर एरवी जीव मुठीत धरून चालावे लागते, तेथे त्या दिवशी लहान मुले मोकळेपणाने धावतात, वृद्ध माणसे निर्धास्तपणे मधोमध चालतात. उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. तथापि तो पाहताना एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. वर्षातला एक दिवस पादचाऱ्याचा म्हणून साजरा करावा लागतो, याचा अर्थ उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्याचे नाहीत, हे आपण मान्यच केले आहे काय?

रोज मरे त्याला कोण रडे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ३२,८२५ जण पायी चालणारे होते. म्हणजे दररोज सरासरी नव्वद पादचारी घरून निघाले आणि परतले नाहीत. एखादे विमान कोसळले तर देश हळहळतो, चौकशी समित्या नेमल्या जातात आणि दोष शोधला जातो. मात्र दिवसाला नव्वद पादचारी जातात तेव्हा आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ ही म्हण इतक्या निष्ठुरपणे खरी ठरावी, हे समाजाच्या संवेदनशीलतेला शोभणारे नाही.

आणि हे पादचारी तरी कोण? ज्याच्याकडे वाहन नाही तो श्रमिक, बस पकडायला निघालेली घरकामगार, शाळेत जाणारे मूल, औषधाच्या दुकानापर्यंत जाणारे सेवानिवृत्त आजोबा. शहराचा सर्वांत दुबळा घटक सर्वांत असुरक्षित जागी चालतो. रस्त्यावर सर्वत्र ‘बळी तो कान पिळी’ हाच नियम चालत असेल, तर तेथे कायदा नांदतो असे कसे म्हणावे? कायद्याचे प्रयोजनच मुळी बळवंतापासून दुर्बळाचे रक्षण करणे हे आहे.

कायदा नाही, असे नाही

पादचाऱ्याच्या बाजूने कायदा नाही, अशी समजूत पुष्कळांची असते. ती खरी नाही. वाहन चालविण्याबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांनुसार पदपथावर वाहन चालविण्यास मनाई आहे, आणि जेथे सिग्नल नाही अशा झेब्रा पट्ट्यावर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे चालकावर बंधनकारक आहे. पदपथ किती रुंद असावा, किती उंच असावा, याची मानके ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेने घालून दिली आहेत. त्यांनुसार निवासी भागातही चालण्यासाठी किमान १.८ मीटर जागा मोकळी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता येईल, अशी ती उंची आहे.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. वाढलेल्या दंडाची चर्चा घराघरांत झाली. पण त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम १९८अ कडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू ओढवला किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरणाला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे हे कलम सांगते. नागरिकाला शिस्त लावणाऱ्या कायद्याने शासनालाही शिस्त लावण्याची तरतूद केली, हे महत्त्वाचे आहे. दंडाची पावती दोन्ही बाजूंनी फाडली गेली पाहिजे, असाच तिचा आशय आहे. पण एक प्रश्न उरतोच. हेल्मेट नसल्याच्या पावत्या चौकाचौकांत फाडल्या जातात. उखडलेल्या पदपथाची पावती कुणाच्या नावे फाटल्याचे नागरिकांना कधी ऐकू आले आहे काय?

याच दुरुस्तीने कलम १३८(१अ) अन्वये पादचाऱ्यांबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच सांगितले की, अडथळाविरहित पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना वरील कलमाखाली सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. जे काम विधिमंडळाने आणि महापालिकांच्या सभागृहांनी आपणहून करावयाचे, ते न्यायालयाला सांगावे लागते, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे.

पुण्याचे धोरण आणि पुण्याचा रस्ता

धोरणांच्या बाबतीत पुणे कधीच मागे नव्हते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहने नव्हे तर माणसे वाहून नेणे हे शहराचे उद्दिष्ट ठरविले. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातील पहिली जलद बस व्यवस्था म्हणजे बीआरटी पुण्यात सुरू झाली. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र येऊन पीएमपीएमएल स्थापन झाली. २०१६ मध्ये महापालिकेने स्वतंत्र पादचारी धोरण स्वीकारले, आणि त्यानंतर जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ आकाराला आले. २०१८ मध्ये वाहनतळ धोरणही मंजूर झाले.

यांतील रस्त्यावर किती उतरले? बीआरटीचे काही मार्ग पुढे मोडीत निघाले. वाहनतळ धोरण विरोधापुढे थबकले. जंगली महाराज रस्ता वाखाणला गेला, पण त्याची पुनरावृत्ती पेठांत आणि उपनगरांत त्या प्रमाणात झाली नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपल्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात प्रभागातील पदपथाविषयी जाब विचारावा, तर तो विचारायला नगरसेवकच नव्हता. शिवाय पदपथ महापालिकेचा, त्यावरील वाहन उचलण्याचे काम वाहतूक पोलिसांचे, चालकाचा परवाना परिवहन कार्यालयाचा आणि बस पीएमपीएमएलची. जबाबदारीचे इतके वाटेकरी झाले की अखेरीस ती कुणाचीच राहत नाही.

येथे एक साधी गोष्ट विसरली जाते. बसचा आणि मेट्रोचा प्रत्येक प्रवासी प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारीच असतो. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो धावू लागली. पण स्थानकाबाहेर पाऊल टाकताच पदपथ संपत असेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा दुचाकीलाच किल्ली लावतो. कोट्यवधींची वाहतूक व्यवस्था दोन मीटर पदपथावाचून लुळी पडते. त्यामुळे पदपथाला शोभेचे काम न समजता वाहतूक व्यवस्थेचा पाया समजले पाहिजे.

सिग्नलचेही तसेच. रस्ता ओलांडण्याच्या वेळेचे गणित साधारणतः सेकंदाला १.२ मीटर या चालीवर मांडले जाते. अठरा मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने पंधरा सेकंद पुरतात. परंतु काठी टेकत चालणाऱ्या आजींची चाल सेकंदाला ०.८ मीटर असेल, तर त्यांना साडेबावीस सेकंद लागतात. उरलेले साडेसात सेकंद त्या भररस्त्यात, सुटलेल्या वाहनांसमोर उभ्या असतात. शहर कुणासाठी बांधले आहे, हे या साडेसात सेकंदांत दिसते.

आपला वाटा

मात्र सारा दोष शासनाच्या पदरात टाकून मोकळे होणे हा आत्मवंचनेचा प्रकार ठरेल. पदपथ अडला की बोट प्रथम फेरीवाल्याकडे जाते. त्याचा प्रश्न खराच आहे. पण २०१४ च्या कायद्याने त्याच्या उपजीविकेचे रक्षण आणि जागांचे नियमन या दोन्हींची व्यवस्था सांगितली आहे. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी असावेत, असेही तो सांगतो. सर्वेक्षण करून फेरीवाल्याला हक्काची जागा दिली, तर पादचाऱ्यालाही त्याची जागा मिळते. पोटासाठी पदपथावर बसणाऱ्याला हुसकावताना, ‘पाचच मिनिटांत येतो’ म्हणून पदपथावर दुचाकी चढविणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाला मात्र कुणी हटकत नाही. वास्तविक नडलेल्या माणसाच्या चुकीहून सोयीसाठी केलेली चूक अधिक अक्षम्य होय.

मांडवांचाही विचार प्रांजळपणे झाला पाहिजे. सार्वजनिक उत्सव हे समाजाला एकत्र आणण्यासाठी सुरू झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मांडवांसंबंधी निर्णय देताना, रहदारीला आणि पादचाऱ्यांना अडथळा होईल अशी परवानगी देऊ नये, असे बजावले. वस्तुतः हे न्यायालयाने सांगण्याचीही गरज पडू नये. ज्या मांडवाशेजारून रुग्णवाहिका जाऊ शकत नाही आणि लेकुरवाळी स्त्री सुखरूप चालू शकत नाही, त्या मांडवाने लोकसंग्रहाचा हेतू कितपत साधला, याचा विचार कार्यकर्त्यांनीच करावयाचा आहे. अनेक मंडळे मिरवणुकीत रुग्णवाहिकेला क्षणार्धात वाट करून देतात, हे पुण्याने वारंवार पाहिले आहे. ती शिस्त एका दिवसापुरती न राहता वर्षभराची व्हावी.

हेल्मेटच्या बाबतीतही आपले वर्तन फारसे अभिमानास्पद नाही. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तिला विरोध करण्यात शहराची सारी बुद्धिमत्ता खर्ची पडली. जो समाज स्वतःच्या डोक्याच्या रक्षणाचा नियमही जुलूम मानतो, तो दुसऱ्याच्या पायांची काळजी कितपत वाहणार? कळते पण वळत नाही, हेच आपले खरे दुखणे आहे.

प्रारंभ कोठून?

उपाय अवघड नाहीत. महापालिकेने प्रत्येक प्रभागातील पदपथांची मोजणी करून ती नागरिकांसमोर ठेवावी. शाळा, रुग्णालये, बसथांबे आणि मेट्रो स्थानके यांच्या परिसरातील पदपथांना अर्थसंकल्पात प्रथम स्थान मिळावे. शाळांभोवती वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटरपर्यंत खाली आणावी. कारण वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. राज्याने कलम १३८(१अ) खालील नियम पादचाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून करावेत आणि कलम १९८अ चा बडगा अपघातानंतर खरोखरच उगारला जावा.

नागरिकांच्या हाती असलेले काम त्याहूनही सोपे आहे. गृहनिर्माण संस्थांनी आपल्या फाटकासमोरचा पदपथ मोकळा राखावा. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि शाळांच्या पालकसभांनी आपल्या भागातील एकेक चौक दत्तक घेऊन त्याचा पाठपुरावा करावा. मुलाला दुचाकीची किल्ली देण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला झेब्रा पट्ट्यासमोर थांबायला शिकवावे. कायदा सभागृहात मंजूर होतो, पण तो जगतो किंवा मरतो तो चौकात. एखाद्या आजी रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत आणि चार वाहने त्यांच्यासाठी आपणहून थांबली आहेत, हे दृश्य पोलीस नसतानाही रोज दिसू लागेल, त्या दिवशी पुण्याला वेगळा पादचारी दिन साजरा करण्याची गरज उरणार नाही.