छोट्या इंजिनाचे ओव्हरहॉलिंग

हिशेबाच्या वहीत यंत्राला दरवर्षी घसारा लावतात. दहा-पंधरा वर्षे गेली की कागदावर त्या यंत्राची किंमत नाममात्र उरते. आम्ही कॉमर्सचे, आणि पोटापाण्यासाठी कारकून, तेव्हा हा नियम आम्हांला तोंडपाठ आहे. परंतु हाच प्रश्न कारखान्यातल्या फिटरला विचारा. तो म्हणेल, साहेब, वहीत किंमत संपली म्हणून यंत्र संपत नाही, निगा संपली की यंत्र संपते. या दोन हिशेबांतला कोणता खरा, हे ठरविण्याची संधी एका पत्राने आम्हांला दिली आहे.

पत्र परळच्या रेल्वे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या एका आयुष्मान वाचकांचे आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात राहतो. तेथे रविवारच्या जुन्या बाजारात नातवाने खेळण्यातले एक इंजिन हट्टाने घेतले. रंग काळा, चाके सहा, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या आणि बुडाला ‘ट्राय-अँग’ हे नाव. रुळावर ठेवले की गुरगुरते, पण जागचे हलत नाही. मुलगा म्हणतो फेकून देऊ, सूनबाई म्हणतात नवे घेऊ, नातू म्हणतो मला हेच हवे. आजोबा पुढच्या महिन्यात तिकडे जाणार आहेत. त्यांनी विचारले आहे, “एवढ्याशा खेळण्याला मी हात लावावा काय? लावला तर सुरुवात कोठून करावी?”

आमचे उत्तर असे की, जरूर लावावा. त्याची कारणे आणि रीत आज सांगत आहोत.

प्रथम हे इंजिन कोणते ते पाहू. वर्णनावरून ती ‘जिंटी’ दिसते. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने १९२४ ते १९३१ या काळात सहा चाकांची ४२२ टँक इंजिने बांधून घेतली. त्यांचे हे लाडके नाव. कामे साधी. यार्डात शंटिंग करायचे आणि चढावर गाडीला मागून रेटा द्यायचा. ब्रॉम्सग्रोव्हजवळचा लिकीचा चढ साधारण ३७ फुटांना एक फूट असा आहे. तेथे जिंटी जोडीने बँकर म्हणून लागत. आपल्या कसारा आणि खंडाळा घाटांतला चढही ३७ ला १ असाच. तेव्हा बँकर म्हणजे काय, हे कल्याण-कर्जतच्या रेल्वे कुटुंबांना सांगावयास नको.

आणखी एक नाते आहे. बऱ्याचशा जिंटी ‘व्हल्कन फाउंड्री’ या इंग्लंडातील कारखान्याने बांधल्या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली प्रवासी गाडी गेली. ती ओढणारी इंजिनेही याच कारखान्यातून आली होती.

खऱ्या जिंटी १९६०च्या दशकात मोडीत निघाल्या. काही मात्र हौशी मंडळींनी वाचविल्या. डर्बीशायरमधील बटरली येथील रेल्वे केंद्रात त्या पाहता येतात. तिची छोटी प्रतिकृती ट्राय-अँग कंपनीने १९५०च्या दशकात बाजारात आणली. पुढे १९६४ साली हॉर्नबी हे नावही याच घराण्याकडे आले आणि १९७२ पासून गाड्या ‘हॉर्नबी रेल्वेज्’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. त्या काळी हा माल मार्गेट या समुद्रकाठच्या गावात तयार होई.

या प्रतिकृतींचे माप ठरलेले असते. खऱ्या इंजिनाचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीत चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७६ वा हिस्सा. याला ‘डबल ओ’ म्हणतात. गंमत अशी की इंग्लंडच्या रुळांचा खरा गेज १४३५ मिलिमीटर, म्हणजे या मापाने १८.८३ मिलिमीटर हवा, पण प्रतिकृतीचे रूळ १६.५ मिलिमीटरवरच आहेत. युरोपातल्या ८७ व्या हिश्श्याच्या ‘एच ओ’ मापाचे रूळ तसेच ठेवले आणि वरचे इंजिन तेवढे मोठे केले. कारण इंग्लंडची इंजिने अंगाने लहान, त्यांच्या पोटात त्या वेळची मोटार मावेना.

आता कामाकडे वळू. पहिला नियम असा की, आधी चाल, मग रूप. पुष्कळ हौशी माणसे आधी रंगाचा ब्रश उचलतात. न चालणाऱ्या इंजिनाला रंग देणे म्हणजे उपाशी माणसाला नवा सदरा शिवण्यासारखे आहे.

इंजिन गुरगुरते पण हलत नाही, याचा अर्थ मोटारीला वीज पोहोचते, अडचण पुढे आहे. बहुतेक वेळा जुने तेल आणि ग्रीस सुकून लाखेसारखे घट्ट झालेले असते. वरचे अंग काढावे, मोटारीचा स्क्रू सोडवून मोटार बाजूला घ्यावी आणि नुसती चासी तिरप्या पाटावर ठेवावी. ती आपल्या वजनाने घरंगळली पाहिजे. अडली, तर साइड रॉड वाकला आहे काय, चाकांच्या मध्ये केस-धागे गुंतले आहेत काय आणि चाकांचे क्वार्टरिंग बिघडले आहे काय, ते पाहावे. एका बाजूची क्रँकपिन दुसऱ्या बाजूच्या पिनेशी ९० अंशांत असते. खऱ्या इंजिनात एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडला की दुसरी बाजू ओढून नेते, त्यासाठी ही योजना. खेळण्यात दट्ट्या नसला तरी मांडणी तीच. एक चाक थोडे जरी सरकले, तरी रॉड अडकतो आणि इंजिन लंगडते. परळच्या फिटरला हे आम्ही सांगणे म्हणजे उलटी गंगा!

मोटार बहुधा ‘एक्स-०४’ या जातीची निघेल. उघडी, दणकट आणि दुरुस्त करण्याजोगी मोटार म्हणून तिचे नाव आहे. तिचा कम्युटेटर तीन तुकड्यांचा असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाने तो पुसावा आणि तुकड्यांमधल्या फटींत साचलेली कार्बनची काजळी लाकडी दातकोरणीने काढावी. कार्बन झिजले असल्यास बदलावेत. ते आजही विकत मिळतात. नमद्याच्या छोट्या गादीला तेलाचा एकच थेंब द्यावा. तेल हलके आणि प्लास्टिकला न खाणारे असावे. जास्त तेल कम्युटेटरवर गेले की पुन्हा घाण आलीच.

येथे एक सावधगिरी. या मोटारीचे लोहचुंबक जुन्या अल्निको जातीचे असते. आर्मेचर बाहेर काढून चुंबक तसेच उघडे ठेवले, तर त्याची शक्ती उतरते. म्हणून गरज नसताना आर्मेचर काढू नये. काढावेच लागले, तर चुंबकाला लोखंडी पट्टी टेकवून ठेवावी. शक्ती आधीच उतरली असेल, तर त्या जागी बसणारे निओडिमियमचे चुंबक मिळते. मग मोटार कमी वीज खाते आणि जास्त जोर देते. परंतु घरात लहान मूल असेल, तर ही चुंबके कुलुपात ठेवा. दोन चुंबके पोटात गेली, तर ती आतड्याला दोन्हीकडून चिमटा घेतात आणि प्रसंग जिवावर बेततो. तसेच इंजिनाबरोबर जुना ट्रान्सफॉर्मर आला असेल आणि त्याची वायर तडकलेली असेल, तर तो वापरू नये. इंजिनाला १२ व्होल्ट पुरतात, पण ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाला घरची सगळी वीज असते.

चाल आली की मग रूप. जुन्या प्रतिकृतीत हाताने धरावयाचे दांडे प्लास्टिकच्याच अंगातून उठविलेले असतात. ते धारदार पातीने हळूहळू तासून काढतात, बारीक ड्रिलने अर्ध्या मिलिमीटरची भोके पाडतात आणि पितळी तारेचे वेगळे दांडे बसवितात. एवढ्या एका कामाने इंजिनाचे तोंड बदलते. पुढच्या बफरबीमवर स्क्रू कपलिंग आणि व्हॅक्यूमचा होज पाइप लावतात. चाकांपुढे ब्रेकचे ठोकळे, खिडक्यांना पारदर्शक काच, आत ड्रायव्हर-फायरमनच्या रंगविलेल्या छोट्या आकृत्या. कोळशाच्या जागी खराच कोळसा कुटून, चाळून, गोंदाने चिकटवितात. चाकांच्या जाड कडा आजच्या बारीक रुळांवर ठेचकाळत असतील, तर चाकेही बदलून मिळतात. शेवटी नव्या चकचकीत काळ्या रंगावर पातळ तपकिरी आणि राखी हात मारून कामाचा मळ दाखवितात.

आणि येथेच आमचा खरा मुद्दा आहे. मळ कोठे दाखवायचा? हौशी माणसे त्यासाठी पुस्तके विकत घेतात, जुने फोटो भिंग लावून पाहतात. कारण मळ वाटेल तेथे नसतो. काजळी चिमणीमागे आणि छपरावर बसते, ब्रेकची भुकटी खाली चाकांजवळ, रॉडवर तेलाची चमक, पाणी भरण्याच्या तोंडाखाली पांढरट ओघळ आणि जेथे ड्रायव्हरचा हात रोज लागतो तो दांडा मात्र घासून लखलखीत. ज्याने वाफेच्या इंजिनाखाली खड्ड्यात उभे राहून वर्षे काढली, त्याला हे पुस्तकातून वाचण्याची गरज नाही. इंग्लंडात पैसे देऊन जे ज्ञान मिळवितात, ते या आजोबांच्या बोटांत फुकट पडून आहे.

वाचकहो, निवृत्त माणसालाही घरात घसारा लागतो. त्याने काय काम केले, हे नातवंडांना ठाऊक नसते. “आजोबा रेल्वेत होते” एवढ्या तीन शब्दांत तीस-पस्तीस वर्षांचे कसब संपते. नातू इंग्रजीत बोलतो, आजोबा मराठीत, दोघांमध्ये दूरदर्शन संच. अशा वेळी टेबलावर उघडे पडलेले इंजिन दोघांना एका कामाला जुंपते. “हा रॉड असा का?” या प्रश्नाचे उत्तर द्यावयास भाषा थोडी पुरते, हात पुष्कळ बोलतात. नातीलाही शेजारी बसवावे. बारीक तार वाकविणे, रंगाची रेघ न थरथरता ओढणे, यांत मुली मागे असतात असे कोणी सांगितले?

घरातल्या मुलाला आजच्या पद्धतीची हौस असेल, तर या जुन्या इंजिनात डिजिटल चिपही बसविता येते. जुन्या पद्धतीत रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरतो, त्यामुळे एका रुळावरची सगळी इंजिने एकदमच धावू लागतात. नव्या पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनाच्या चिपला आपला क्रमांक असतो. ज्याला हुकूम, तोच चालतो. ही पद्धत जर्मनीच्या लेंझ कंपनीच्या कामावर उभी राहिली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेलरोड संघटनेने १९९०च्या दशकात तिचे प्रमाण ठरविले. चिपची लाल आणि काळी वायर रुळाकडून येणाऱ्या विजेला, नारिंगी आणि करडी मोटारीला. मात्र जुन्या एक्स-०४ मोटारीचा एक कार्बन चासीला जोडलेला असतो. त्याच्या स्प्रिंगवरही नळी चढवून तो चासीपासून तोडला पाहिजे. ते न करता चिप जोडली, तर पहिल्याच झटक्यात चिप जळते. मोटार अडल्यावर किती वीज खेचते तेही आधी मोजावे आणि तेवढी सोसणारी चिप घ्यावी.

आता जमाखर्च. मोठ्या वाफेच्या इंजिनाचे नवे मॉडेल आज इंग्लंडात दोनशे पौंडांच्या घरात जाते. पगारदार माणसाला ते जड आहे. जुने, बंद पडलेले इंजिन त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळते. कार्बन, तार, रंग यांचा खर्च किरकोळ, बाकी सगळी मजुरी आपली. तथापि दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. मूळ खोक्यासह जपलेले, चांगल्या स्थितीतले जुने इंजिन असेल, तर त्याला तासू नये. संग्राहक त्याची किंमत मूळ रूपासाठीच देतात. आणि फार जुन्या काही इंजिनांची ओतीव चासी जस्ताच्या भेसळ धातूची असते. ती फुगून, तडे जाऊन भुगा होते. त्यावर इलाज नाही. असे इंजिन सुट्या भागांसाठीच घ्यावे.

ज्यांना इंग्लंडला जाणे नाही, त्यांनी मुलांना घेऊन पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहावे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून ते उभे राहिले आणि १९९८ साली लोकांसाठी उघडले. तेथे ८७ व्या हिश्श्याच्या गाड्या धावतात.

आमच्या त्या वाचकबंधूंनी जाताना बारीक पेचकस, चिमटा आणि भिंग घ्यावे, पण ते सामान विमानात हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत टाकावे. बाकीच्या वाचकांनी या रविवारी आपल्या घरातले बंद पडलेले शिलाई मशीन, पंखा वा घड्याळ खाली काढावे, वीज असल्यास आधी प्लग काढावा, आणि घरातल्या ज्याच्या हाताला ते काम ठाऊक आहे त्याच्या शेजारी मुलांना बसवावे.