परवानगीचा विनोद

चैत्र-वैशाख लागला की आमच्या खानदेशात करमणुकीचे दिवस सुरू होतात. शेते मोकळी झालेली असतात, आखाजीला लेकी माहेरी येतात, अंमळनेरास बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते आणि गावोगावच्या यात्रांतून तमाशाचे तंबू उभे राहतात. शहरांतून ह्याच ऋतूत व्याख्याने व कलामहोत्सव होतात. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा तर १८७५ पासूनची आहे. अलीकडे अशा महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिकेत एका नव्या नावाची भर पडली आहे. ते नाव म्हणजे स्टँड-अप कॉमेडी. एक मनुष्य ध्वनिक्षेपक हाती घेऊन उभा राहतो आणि तास-दीड तास एकटाच बोलून लोकांस हसवितो, एवढेच तिचे स्वरूप. परंतु हे नाव पत्रिकेत दिसताच पुष्कळ सुशिक्षित मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. हे परदेशी खूळ आहे, हे अश्लील आहे, आणि ह्यात थोरामोठ्यांचा उपमर्द होतो, असे तीन आक्षेप घेतले जातात. त्यांवर उपाय म्हणून, विनोद करणाराने आपण काय बोलणार ते संयोजकांस आधी लिहून दाखवावे, अशी सूचना मोठ्या शहाणपणाने पुढे येते.

ह्या सूचनेस आमचा स्पष्ट विरोध आहे. आधी तपासून घेतलेला विनोद सभ्य होतो ही समजूतच खोटी आहे. तपासणीने तो अधिक हीन होतो, असे आमचे मत आहे. आणि ते का, हे आक्षेपांच्या क्रमानेच सांगणे बरे.

पहिला आक्षेप परदेशीपणाचा. नाव परदेशी आहे हे खरे. वस्तू मात्र आमच्या ओसरीवरची आहे. तमाशात गण आणि गवळण आटोपली की बतावणी होते, आणि तीत सोंगाड्या बोलावयास उभा राहतो. त्याच्या हाती लिहिलेला कागद नसतो. ज्या गावी खेळ त्या गावचा पाटील, तेथला सावकार, तेथली आटलेली विहीर, हे सारे तो ऐन वेळी उचलतो आणि समोरच्या लोकांच्या हशावर पुढचे वाक्य रचीत जातो. नाथांनी भारुडांत नाना सोंगे आणून लोकांस हसवीतच शहाणे केले. हे ज्यांना खालच्या पायरीवरचे वाटते त्यांनी आपल्या घरातलीच उदाहरणे आठवावीत. पु. ल. देशपांडे ह्यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे ह्यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये पन्नासाहून अधिक माणसे एकट्याच्या अंगात आणली. त्या प्रयोगांची तिकिटे मध्यमवर्गीय कुटुंबांनीच रांगा लावून काढली. तेव्हा कोणास ते खूळ वाटले नाही.

विनोदाची आवड टवाळांची, असे समर्थवचन ह्या वादात हटकून पुढे केले जाते. समर्थांच्या वाङ्मयाची हस्तलिखिते जेथे जतन केली आहेत ते धुळे आमच्या सोनगीरपासून सात-आठ कोसांवर. त्यामुळे हे वचन आमच्या कानी जरा अधिकच पडते. परंतु दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची आणि पढतमूर्खाची लक्षणे ज्यांनी इतक्या मार्मिकपणे मोजून दाखविली त्यांना उपहासाचे वावडे होते, असे कोण म्हणेल? त्यांचा राग रिकाम्या टवाळीवर होता. आणि रिकामी टवाळी कोणती हाच तर येथे प्रश्न आहे.

त्याचे उत्तर दुसऱ्या आक्षेपाच्या पोटात आहे. हल्लीच्या विनोदात अश्लीलता पुष्कळ आहे हे आम्ही मुळीच नाकारीत नाही. जुन्या तमाशातही ती होती. मात्र अश्लील शब्द मोजीत बसण्यापेक्षा, हसावयाचे कोणाला हे आधी पाहावे. दूरचित्रवाणीवरील पुष्कळ विनोदी कार्यक्रमांत पुरुषाला लुगडे नेसवून नाचविले की हशा, एखादीच्या लठ्ठपणावर बोट ठेविले की हशा, नवऱ्याने बायकोस मूर्ख ठरविले की हशा. अहिराणी बोलणारा मनुष्य आला की त्याच्या उच्चारावरच हशा. अहिराणीत हसणे निराळे आणि अहिराणीला हसणे निराळे. पहिल्यात त्या बोलीची सारी धार आहे. दुसऱ्यात, ती ज्याची मातृभाषा त्या मुलाने शाळेत तोंड मिटून बसावे अशी व्यवस्था आहे. हे सारे कार्यक्रम आधी लिहिले जातात, वाचले जातात, मंजूर होतात आणि मगच घरोघर पोहोचतात. तपासणीने विनोद शुद्ध होत असता, तर हे सर्वांत शुद्ध व्हावयास हवे होते.

तसे होत नाही ह्याचे कारण उघड आहे. विनोद कोणावर तरी आघात करतोच. तपासणाराची तांबडी पेन्सिल प्रथम कोठे जाते? जो रागावला असता संकट येईल त्याच्याकडे. मंत्री गाळला जातो, नगरसेवक गाळला जातो, देणगी देणारा शेठ गाळला जातो. उरते कोण? बायको, सासू, काळी मुलगी, तोतरा, खेडवळ. ह्यांच्यापैकी कोणी सभागृहावर चालून येत नाही, म्हणून ह्यांच्यावरील विनोद 'कौटुंबिक' ठरतो. वरची वाट बंद केली की विनोद खाली घसरतो, आणि आपण त्यालाच सभ्यता म्हणतो.

इतिहासही हेच सांगतो. 'कीचकवध' १९१० साली बंद केले ते अश्लीलतेसाठी नव्हे. त्यातील कीचकात लोकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले म्हणून. ज्या १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने असली बंदी घालता येई तो केंद्र सरकारने २०१८ साली रद्द केला. परंतु महाराष्ट्रात नाटकाची संहिता आगाऊ तपासणारे मंडळ आहेच. तमाशाचेही तेच. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन भटजी-शेटजींना हसण्यावारी नेले, आणि १९४० नंतर अण्णा भाऊ साठे ह्यांच्या लोकनाट्यांनी जमीनदार व काळाबाजारवाल्यांची तीच गत केली. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या सबबीवर तमाशावर बंदी घातली, आणि पुढे ती उठविताना वग आधी मंजूर करून घेण्याची अट आली. आज यात्रेतल्या तंबूत सिनेमातील गाण्यांवरचे नाच भरपूर दिसतात आणि बतावणी आखडत चालली आहे. ह्याला सिनेमादी इतर कारणेही आहेत. तथापि जी तपासणी अश्लीलता हटविण्यासाठी आली तिने अश्लीलता हटविली, असे तरी कोणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप उपमर्दाचा. सोनगीर मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव आहे. ह्याच रस्त्याच्या एका टोकास मुंबई आणि उत्तरेस वाटेवर इंदूर. इंदुरास १ जानेवारी २०२१ रोजी मुनव्वर फारुकी ह्या विनोदकारास कार्यक्रमातूनच पकडून नेले. ज्या विनोदांचा आरोप ते त्याने त्या रात्री केलेच नव्हते, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीस अंतरिम जामीन देईतो तो महिन्याहून अधिक काळ तुरुंगात होता. मुंबईत २३ मार्च २०२५ रोजी कुणाल कामरा ह्याने उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांच्यावर रचलेल्या विडंबनगीताचे निमित्त झाले, आणि ज्या सभागृहात तो कार्यक्रम पूर्वी झाला होता ते शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी फोडले. दुसऱ्याच दिवशी महापालिकेनेही तेथील काही भागावर हातोडा चालविला. ते विनोद चांगले की वाईट हा वाद आम्ही येथे घालीत नाही. ज्याला आवडला नाही त्याने उठून जावे, टीका लिहावी, कायदा मोडला असे वाटल्यास न्यायालयात जावे. खुर्च्या मोडणे हे कोणत्याच टीकेचे रूप नव्हे.

संयोजकांची भीती आम्हांस कळते. फुटलेल्या काचांचे पैसे त्यांनाच भरावे लागतात. परंतु आगाऊ संहिता मागितल्याने ती भीती टळत नाही. न उच्चारलेल्या विनोदाचे किटाळ जेथे येते, तेथे वाचून पाहिलेल्या कागदाचे कवच काय कामाचे? सभागृहाचे रक्षण हे पोलिसांचे काम आहे; ते विनोदकाराच्या तोंडाला कुलूप घालून उरकता येत नाही. मुलेबाळे येतात ही अडचण खरी, पण तिला उपाय सोपा आहे: कार्यक्रम प्रौढांसाठी आहे हे पत्रिकेत ठळक छापावे आणि तो रात्री ठेवावा. एडिंबरोच्या उन्हाळी महोत्सवात १९४७ साली आठ नाटकमंडळ्या बोलावण्याविनाच आल्या; त्यांतून जो 'फ्रिंज' महोत्सव वाढला त्यात कोणास घ्यावे हे ठरविणारी निवडसमिती नाही, आणि आज तेथे विनोदी कार्यक्रमांचीच गर्दी मोठी असते. इंग्लंडने नाटकांची सरकारी पूर्वतपासणी १९६८ साली मोडीत काढली. त्याने तो देश बुडाला नाही.

आमचे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तांबटाकडे भांडे आधी आकाराला येते आणि मग त्यावर मठारकाम होते. एकास एक लागून ठोके बसतात तेव्हा पत्रा कठीण होतो. न ठोकलेले भांडे गुळगुळीत दिसते आणि पहिल्याच धक्क्याला पोचते. सत्तेचे आणि प्रतिष्ठेचेही असेच आहे. ज्या पुढाऱ्यास एक विडंबन सोसत नाही त्याचा पत्रा पातळ आहे, हे लोक मनातल्या मनात ओळखतात.

म्हणून येत्या उन्हाळ्यात कलामहोत्सव योजणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे. स्टँड-अप करणारास बोलवा, आणि त्याच व्यासपीठावर यात्रेतल्या सोंगाड्यासही बोलवा. एकास मानधन आणि दुसऱ्यास नारळ, असा भेद करू नका. अहिराणीत बोलणारास अहिराणीतच बोलू द्या. कोणाकडेही आधी कागद मागू नका. आणि पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून ज्यांना बसविणार त्यांना निमंत्रणपत्रिकेतच कळवा, की आज आपल्यावरही हसले जाईल. ज्यांना हे मान्य नसेल त्यांची खुर्ची खुशाल दुसऱ्या कोणास द्या. उन्हाळ्यात बसावयास जागा शोधणारे पुष्कळ असतात.