अंधारात तीर नव्हे, डिस्क!

ऑफिस सुटल्यानंतरचा वेळ नेमका कोणाचा? बॉसचा नाही, एवढं कागदावर नक्की. पण पुण्या-मुंबईत तो ट्रॅफिकच्या नावावर जमा होतो, आणि फिनलंडमध्ये अंधाराच्या. हेल्सिंकीत २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य सकाळी सव्वानऊ उलटून गेल्यावर ऑफिसला येतो आणि दुपारी सव्वातीनच्या सुमाराला पंच आउट करतो. धड सहा तासांची शिफ्टही नाही! तुम्ही जेवून डेस्कवर येता, दोन मेल टाकता, मान वर करता तर खिडकीबाहेर रात्र. नोव्हेंबरला तर फिनिश लोक ‘मार्रासकू’ म्हणतात. ‘कू’ म्हणजे महिना आणि ‘मार्रास’चं नातं मृत्यूशी. मरणाचा महिना! आपल्याला वेगळा अर्थ सांगायला नको.

अशा महिन्यात इथली मंडळी करतात काय? सॉनात बसतात, कपावर कप कॉफी पितात, आणि डोक्याला टॉर्च बांधून जंगलात तबकड्या फेकायला जातात. नाही हो, गंमत करत नाहीये.

या खेळाचं नाव डिस्क गोल्फ. फिनलंडमध्ये ‘फ्रिस्बीगोल्फ’. चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी खांबावरची लोखंडी टोपली, तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. डिस्क जिथे पडेल तिथून पुढचा थ्रो. कमीत कमी थ्रोमध्ये टोपली गाठली की जिंकलात. खेळ मूळचा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिला कायमचा कोर्स झाला. तो आखणाऱ्या एड हेड्रिकनेच साखळ्यांच्या टोपलीचं पेटंट १९७७ मध्ये मिळवलं. हा गृहस्थ २००२ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. याला म्हणतात पॅशन! फिनलंडने तर हा खेळ दत्तकच घेतलाय. गावोगावी कोर्स, बहुतेक ठिकाणी एंट्री फ्री. युरोपियन ओपन ही मोठी स्पर्धा अनेकदा जिथे रंगली, त्या गावाचं नाव नोकिया. हो, तेच. कंपनीला नाव मिळालं ते या गावावरून.

मी एस्पोला ऑनसाइट होते तेव्हाची गोष्ट. फ्लॅटमेट नाशिकची, माझ्याच प्रोजेक्टवरची. ऑक्टोबरपर्यंत जाम उत्साही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती शनिवारी उठेनाशी झाली. मग रविवारीही. आईशी फोनवर ‘सगळं मस्त’ म्हणायची आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायची. एक दिवस म्हणाली, “अगं, मी तिकीट काढते. पेपर टाकते. मला हे जमणार नाही.” ऑफिसच्या डॉक्टरीणबाईंनी तिला रोज सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसायला सांगितलं, परत तपासायलाही बोलावलं. तो दिवा आला, सकाळ थोडी सुधारली. प्रश्न संध्याकाळचा होता.

उत्तर आलं आमच्या टीममधल्या आर्किटेक्टकडून. दिवसाला मोजून अकरा शब्द बोलणारा माणूस. त्यातले चार त्याने आमच्यावर खर्च केले: “मंगळवारी. साडेसहा. टॉर्च आणा.”

आता मुद्द्याचं. अंधारात खेळायला लागतं काय? शॉपिंग लिस्ट काढाच.

चमकणारी डिस्क

साधारण २१ सेंटिमीटर व्यासाची, १५० ते १८० ग्रॅमची डिस्क, फक्त ‘ग्लो’ प्लास्टिकमधली. लहानपणी छतावर चिकटवलेल्या चांदण्या आठवतात? फंडा तोच. पूर्वी यासाठी झिंक सल्फाइड वापरायचे, ते पटकन विझायचं. १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचं रंगद्रव्य आणलं आणि चमक कित्येक पटींनी वाढली. घड्याळांच्या काट्यांवर दिसते तीच ही हिरवट चमक. हिरवीच का? तर अंधाराला सरावलेला आपला डोळा हिरव्या-निळसर प्रकाशालाच सगळ्यात जास्त दाद देतो.

ही डिस्क ‘चार्ज’ करायची ती यूव्ही टॉर्चने. १०-१५ सेकंद दोन्ही बाजूंनी प्रकाश फिरवला की झालं. चमक पहिल्या काही मिनिटांत झपाट्याने उतरते, म्हणून दर थ्रोआधी पुन्हा चार्ज. मोबाइलच्या फ्लॅशनेही काम भागतं, पण भागतंच फक्त. आणि यूव्ही टॉर्च कोणाच्याही डोळ्यांत मारायचा नाही, मस्करीतसुद्धा नाही.

दुसरा पर्याय: बोटाच्या पेराएवढा एलईडी दिवा पारदर्शक टेपने डिस्कच्या पोटाशी चिकटवायचा. अगदी मध्यभागी हं! कडेला लावलात तर डिस्क डुगडुगते आणि भलतीकडेच जाते. रासायनिक ग्लो स्टिकही चालते, फक्त थंडीत ती मंद पेटते. त्या बदल्यात टिकते जास्त.

टोपलीला दिवा

टोपली दिसलीच नाही तर फेकणार कुठे? बॅटरीवरची एलईडी माळ खांबाला गुंडाळतात. आमच्या नाशिककरणीने दिवाळीसाठी घरून आणलेली माळ उपसली आणि सातव्या टोपलीला बांधली. बर्चच्या काळ्या जंगलात पिवळे-लाल दिवे! फिनिश मंडळी दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिली. त्यांच्या हिशोबाने ही प्रचंड स्तुती.

डोक्यावरचा टॉर्च

२०० ते ४०० ल्यूमेन पुरे. जास्त घेऊ नका, मित्रांचे डोळे दिपतात. लाल दिव्याचा मोड असलेला घ्या. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ती घालवतो. लाल प्रकाश तितका त्रास देत नाही. थ्रोच्या वेळी सगळ्यांनी टॉर्च बंद करायचे, हा इथला शिष्टाचार. धुकं किंवा बर्फ पडत असेल तर कपाळावरचा झोत थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. तेव्हा टॉर्च हातात, कमरेच्या उंचीला धरा.

बाकीचं सामान

थंडीत बॅटऱ्या लवकर मान टाकतात. जादाच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. अल्कलाइनपेक्षा लिथियम बऱ्या. बर्फ असेल तर डिस्कला खालून रिबिनीची लांब शेपूट चिकटवा, डिस्क बर्फात घुसली तरी शेपूट वर राहते. बुटांना खिळे हवेत. आणि जॅकेटला लोंबणारा रिफ्लेक्टर, तोही हवाच. अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने तो लावावा, असं तिथला कायदाच सांगतो. किती स्टायलिश दिसतो हा प्रश्न गैरलागू! एकट्याने जाऊ नका, आणि फेकण्याआधी वाटेवर कोणी कुत्रा फिरवत नाही ना, ते बघा.

खर्च? ग्लो डिस्क १५ ते २० युरोंच्या घरात, यूव्ही टॉर्चही जवळपास तितक्यालाच. दोघींत मिळून एक टॉर्च पुरतो.

पण खरी गंमत सामानात नाही. दिवसा डिस्क गोल्फ खेळताना फिनिश माणूस गप्प असतो, कारण गप्प राहणं त्याला आवडतं. अंधारात ते परवडत नाही. हरवलेली डिस्क शोधायला नियमाने तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात सगळ्यांना बोलावंच लागतं: “डावीकडे गेली!” “बर्चच्या मागे!” “थांब, पाय देऊ नको!” आमचा अकरा शब्दवाला त्या मंगळवारी अकरा शब्द पहिल्याच टोपलीवर उधळून बसला. आणि लांबचा थ्रो लागला की आधी दिसत काहीच नाही. हिरवा ठिपका तरंगत जातो, मग ‘खळ्ळ’! साखळ्यांचा आवाज. वाड्याच्या दाराची कडी कोणीतरी बाहेरून वाजवावी तसा. त्या आवाजावर नाशिककरीण पहिल्यांदा हसली. पाच आठवड्यांनी.

डिस्क फेकून डिप्रेशन जातं असं मी म्हणणार नाही. तिच्या सकाळी त्या दिव्याने सांभाळल्या, डॉक्टरीणबाईंनी सांभाळल्या. मंगळवारची संध्याकाळ मात्र तिची तिने मिळवली. पेपर टाकण्याची भाषा थांबली. जानेवारीत तिने मॅनेजरला सरळ सांगितलं, की मार्चपर्यंतचं काम पूर्ण करीन, पण पुढचा हिवाळा इथे काढणार नाही. न रडता, न लपवता. मार्चमध्ये ती ठरल्याप्रमाणे नाशिकला गेली.

शेवटची टिप. डिस्कच्या मागे मार्करने आपला फोन नंबर लिहून ठेवा, सगळे खेळाडू लिहितात. जानेवारीत तिची लाडकी डिस्क अकराव्या टोपलीपाशी बर्फात गडप झाली होती. आपला तिथला नंबर मार्चमध्ये बंद होणार, म्हणून तिने मागे माझा लिहिला होता. एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि एका अनोळखी नंबरवरून मला मेसेज आला: “डिस्क सापडली. झाडाला टांगलीय.” मी ती काढून आणली, बबल रॅपमध्ये गुंडाळली आणि नाशिकला पाठवून दिली. आता म्हणते, तिच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टोपली हवीये. साखळ्या मिळाल्यात, खांब शोधतेय.