कसोटी घरीच व्हावी

अंदर मावळातील टाकवे बुद्रुक या गावाची ओळख एकेकाळी भातखाचरांची होती. पुढे तेथे कारखाने आले आणि आता त्या ओळखीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्यात एका टेकडीलाच जिचे नाव चिकटले आहे त्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात एआरएआय, या संस्थेने चालकास साहाय्य करणाऱ्या स्वयंचलित प्रणालींच्या परीक्षणासाठी टाकवे येथे चाचणीमार्ग उभा केला आहे. समोर अकस्मात माणूस आला तर गाडी स्वतःहून थांबते का, मार्गिका सुटू लागली तर चालकाला सावध करते का, अशा गोष्टी तिथे पारखायच्या आहेत. वरवर पाहता हा अभियंत्यांचा विषय वाटेल. परंतु भारताने विजेवर चालणाऱ्या मोटारी परदेशी पाठविण्याचा संकल्प केला असताना या पारखणीशी देशाची पत बांधली गेली आहे.

२६ ऑगस्ट २०२५ रोजी गुजरातमधील हंसलपूर येथून मारुती सुझुकीच्या विजेवरील मोटारींच्या निर्यातीला पंतप्रधानांच्या हस्ते प्रारंभ झाला. या मोटारी शंभराहून अधिक देशांत जाणार, असे तेव्हा जाहीर झाले. चाकणला महिंद्राच्या विजेवरील मोटारी घडत आहेत. रांजणगावातून निघालेली टाटांची विजेवरील नेक्सॉन नेपाळच्या रस्त्यांवर २०२१ पासून धावते आहे. या प्रगतीचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. तथापि गाडी जहाजावर चढण्यापूर्वी काय काय तपासले गेले, हा प्रश्न अभिमानाच्या भरात मागे पडू नये.

घाईच्या निर्यातीची किंमत महाराष्ट्राने यापूर्वी मोजली आहे. २०१० मध्ये युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला आणि नाशिकच्या बागायतदारांच्या डोळ्यांदेखत वर्षभराचे कष्ट मातीमोल झाले. फळमाशीच्या कारणावरून १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले. ते पुन्हा उघडण्यास २०१५ साल उजाडावे लागले. दोष काही पेट्यांत होता, परंतु शिक्षा साऱ्या हापूसला झाली. परक्या बाजारात माल एखाद्या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखला जात नाही, तो देशाच्या नावाने ओळखला जातो.

मोटारीच्या क्षेत्रातही असा धडा मिळालेला आहे. बंगळूरची रेवा ही विजेवरील छोटी गाडी २००४ पासून लंडनच्या रस्त्यांवर ‘जी-विझ’ या नावाने धावू लागली. भारतीय उद्योगाने जगाच्या कितीतरी आधी टाकलेले ते पाऊल होते. परंतु ब्रिटनमध्ये तिची नोंद मोटार म्हणून न होता वजनाने हलक्या चारचाकीच्या वर्गात झाली होती आणि त्या वर्गाला मोटारीसाठीच्या धडक-चाचण्या लागू नव्हत्या. २००७ मध्ये तिथे धडक-चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष चिंताजनक ठरले आणि काळाच्या पुढे असलेली गाडी टिंगलीचा विषय बनली. कायद्याचा कोणताही भंग झाला नव्हता. तरीही नाव गेले ते गेलेच.

म्हणून निर्यातीपूर्वीच्या पारखणीत कागदाच्या पलीकडे जाणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट प्रमाणपत्राची. वाहन-मानकांविषयीच्या १९९८ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत सदस्य आहे. परस्परांची मान्यता ग्राह्य धरणाऱ्या १९५८ च्या कराराचा मात्र तो सदस्य नाही. त्यामुळे येथील शिक्का युरोपात आपोआप चालत नाही. ज्या देशात गाडी जाणार त्या देशाची मान्यता तिला स्वतंत्रपणे मिळवावी लागते. संकटसमयी आपोआप ब्रेक लावणारी आणि मार्गिका राखणारी यंत्रणा युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून नव्या मोटारींना सक्तीची केली आहे. टाकव्याच्या चाचणीमार्गाचे मोल या ठिकाणी कळते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. लिथियम बॅटरीला वाहतुकीपूर्वी कंप, आघात, उष्णता आणि हवेचा कमी दाब यांच्या कसोट्यांतून जावे लागते. एका घटाने पेट घेतला तर आग शेजारच्या घटांत किती वेळात पसरते, प्रवाशांना बाहेर पडण्यास पुरेसा अवधी मिळतो का, हेही पाहावे लागते. एप्रिल २०२२ मध्ये नाशिक येथे विजेवरील स्कूटर वाहून नेणाऱ्या कंटेनरला आग लागून वीस स्कूटर भस्मसात झाल्या. त्या उन्हाळ्यातील अशा घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरीची मानके कठोर केली आणि ती डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये जे घडले ते भर समुद्रात घडले तर काय होईल, याची कल्पनाही थरकाप उडविणारी आहे. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ ‘फ्रीमँटल हायवे’ हे मोटारवाहू जहाज पेटले. त्यावरील सुमारे ३,८०० वाहनांपैकी जवळपास ५०० विजेवरील होती. आग त्यांच्यामुळेच लागली असे सिद्ध झालेले नाही, परंतु प्राण गमावलेला खलाशी भारतीय होता. सागरी वाहतुकीच्या नियमांत १ जानेवारी २०२६ पासून लिथियम-आयन बॅटरीच्या वाहनांसाठी स्वतंत्र क्रमांक बंधनकारक झाला आहे. जहाजाच्या कप्तानाला आपल्या पोटात काय आहे हे खरेखुरे सांगणे, हा नियमाइतकाच माणुसकीचाही भाग आहे.

तिसरी गोष्ट विक्रीनंतरच्या जबाबदारीची. चार्जिंगचा जोड त्या देशातील केंद्रांशी जुळतो का, कारण युरोप, जपान आणि चीन यांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. आखाती उन्हात वा हिमालयाच्या थंडीत गाडीचा पल्ला किती उरतो? सुटे भाग आणि उच्च दाबाच्या विजेचे प्रशिक्षण घेतलेला मेकॅनिक तेथे आहे का? निकामी बॅटरी कोण परत घेणार? युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा प्रत्येक बॅटरीला तिचा उगम सांगणारा डिजिटल दाखला लागणार आहे. घट चीनमधून आणायचे आणि गाडीवर भारताचे नाव लावायचे, हा व्यवहार त्या दाखल्यात लपणार नाही. स्वदेशीचा आग्रह ही आता केवळ भावनेची बाब राहिलेली नाही.

येथे चीनचेच उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. विजेवरील प्रवासी मोटारींच्या निर्यातीसाठी त्या देशाने १ जानेवारी २०२६ पासून परवाना आवश्यक केला. उत्पादकाच्या संमतीवाचून मोटारी परस्पर बाहेर पाठविणारे व्यापारी विक्रीनंतर हात झटकत होते आणि बदनामी देशाच्या वाट्याला येत होती. नेपाळसारखी जवळची बाजारपेठ ज्या प्रतिस्पर्ध्याने व्यापली, त्याला जगाचा मोठा बाजार हाती आल्यावर हे सुचले. भारताने ते बाजार हाती येण्यापूर्वीच करणे शहाणपणाचे ठरेल. उत्पादकाची हमी, त्या देशातील सेवाव्यवस्था आणि बॅटरीची जबाबदारी लेखी असल्याखेरीज एकही मोटार बंदरात शिरू नये. मात्र हा परवाना लाचेचे नवे खिडकीघर होणार नाही, याची दक्षता सरकारला घ्यावीच लागेल. ठरावीक मुदतीत निर्णय आणि चाचणीचे निकाल जनतेसाठी खुले, या दोन अटी त्यासाठी पुरेशा आहेत.

या साऱ्यात एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. विदेशी ग्राहकासाठी एक कसोटी आणि स्वकीयांसाठी दुसरी, हे कुठवर चालणार? जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय मोटारींना शून्य तारे मिळाले, तेव्हा त्यांच्या स्वस्त आवृत्तीत हवेच्या पिशव्याही नव्हत्या. त्यानंतर परिस्थिती पालटली. २०१८ च्या अखेरीस नेक्सॉनने पाच तारे मिळविले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही स्वतःची चाचणी-व्यवस्था सुरू झाली. परंतु ती अद्याप ऐच्छिक आहे. निर्यात होणाऱ्या प्रत्येक प्रतिरूपासाठी ती सक्तीची करावी आणि परदेशी जाणाऱ्या गाडीत जे संरक्षण आहे ते मावळच्या घाटात चालणाऱ्या गाडीतही असावे, अशी अट सरकारने घालावी. हिंजवडीच्या अभियंत्याचा वा वडगावच्या शेतकऱ्याचा जीव लंडनच्या नागरिकापेक्षा स्वस्त असू शकत नाही. घरच्या माणसासाठी जो माल चोख बनवतो, त्याच्या मालाबद्दल परक्याला शंका घ्यावी लागत नाही. टाकव्याच्या चाचणीमार्गावर हीच शिस्त अंगी बाणली, तर परदेशी बंदरात उतरणारी भारतीय मोटार मान खाली न घालता उभी राहील.